जयू, तुला ऐकू येत होतं

प्रिय जयू,

आज दुपारी माझा मेडिकलचा प्रवेश पक्का झाला. घाटावरचं एक सरकारी कॉलेज मिळालंय. आई शेजारीपाजारी पेढे वाटत फिरतेय. बाबा पहिली पाळी संपवून आले ते बुटांसकट खुर्चीत बसलेत आणि मोबाइलवर माझं नाव पुन्हा पुन्हा वाचतायत. सगळ्यांना फोन करून झाले. एकच राहिला. तुझा नंबर मी अजून काढलेला नाही, पण मध्यंतरी एकदा लावला तर कुणी अनोळखी माणूस बोलला. तुझा नंबर त्याला मिळालाय! म्हणून हे पत्र.

दुसरंही एक कारण आहे. एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बायोच्या मॅडमना नाही, तुझ्या आईला तर नाहीच. ती घेऊन मला मेडिकलच्या पहिल्या तासाला जाऊन बसवणार नाही गं. आणि ती सांगावी असं माणूस एकच आहे, कारण ती तुझीच गोष्ट आहे.

आपली जोडी जमली कशी, असं सगळे विचारायचे. मी बोईसरची, बाबांची केमिकल कंपनीतली नोकरी म्हणून साताऱ्याकडून इथे येऊन वाढलेली. तू मासवणच्या पुढच्या पाड्यावरची, पालघरच्या मुलींच्या वसतिगृहात राहणारी. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात तू येऊन म्हणालीस, "सरक ना जरा. तुज्याकडं ना रिकामा दिसते." बाकही रिकामा होता आणि मीही. सरकले. झालं!

गणित आणि बायो दोन्ही घेण्याचा शहाणपणा आपण का केला असेल? मला बाबांनी सांगितलं, दोन्ही दारं उघडी राहू देत. तुला आश्रमशाळेतल्या गुरुजींनी. त्यांना वाटलं, एवढी हुशार पोरगी, हिला काय जड! आणि मग सुरू झालं ते. सकाळी प्रॅक्टिकल, मग लेक्चरं, डबा खाता खाता जर्नल, दुपारनंतर क्लास, क्लासची रविवारची टेस्ट. फिजिक्सच्या सरांना वाटायचं आपल्याला फक्त फिजिक्स आहे. केमिस्ट्रीच्या सरांना वाटायचं फक्त केमिस्ट्री. आणि सगळ्यांच्या वर ती नीट परीक्षा. एकदा भर वर्गात तू जोरात म्हणालीस, "नीट द्याची तं आदी नीट झोपाय तरी द्या!" क्लासचे सर फळ्याकडे तोंड करून हसत होते, आठवतं?

तू दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. बायोचं पुस्तक इंग्रजी. पहिले काही महिने तू पान उघडायचीस आणि नुसती बघत बसायचीस. मग तू तुझी वाट काढलीस. मी इंग्रजी वाक्य वाचायचं आणि तू ते तुझ्या बोलीत सांगायचं. हृदयाची झडप तू अशी सांगितलीस: "कुडाचा दार हाय ता. आत ढकलला तं उघडते, बाहेर ढकलला तं नाय. रगताला मागं फिराय वाटच नाय." मूत्रपिंडाबद्दल म्हणालीस, "याला बरा समजते काय ठेवाचा नं काय टाकाचा. पुस्तकवाल्याला नाय समजत, त्यानं सगळाच ठेवलाय!" हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. पण पेपरात ती झडप लिहिताना मला कुडाचं दारच दिसायचं आणि एक मुद्दा चुकायचा नाही.

गणितात मात्र तुझं तोंड बंद. तिथे मी बोलायचे, तू पेन्सिल चावायचीस.

बारावीच्या गणपतीत आपण घिवलीला गेलो होतो, वर्गातल्या मैत्रिणीकडे. जेवण झाल्यावर खडकांवर बसलो. पलीकडे अणुवीजकेंद्राचे घुमट दिसत होते. मी म्हटलं, फिजिक्सचा शेवटचा धडा राहिलाय, अणुकेंद्रकाचा. तू हात लांब करून म्हणालीस, "तो काय तिथं भिंतीच्या मागं चालू हाय. आपुन नाय वाचला तरी त्याचा काय अडते!" तो तुझा शेवटचा मोकळा हसरा दिवस, निदान माझ्या आठवणीतला. त्यानंतर तू दमत गेलीस. सहामाहीत गणितात नापास झालीस. तुझ्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत तू घरी निघालीस. भाताची कापणी होती, घरात माणसं कमी. पालघरच्या एसटी स्टँडवर तुझी पुस्तकांची पिशवी मी वर चढवली. खिडकीतून वाकून तू म्हणालीस, "रुतू, माझा डोका फुटल बग. एक दिस सगळा टाकून देईन नं झोपूनच राहीन." हसत म्हणालीस. हसतच म्हणालीस ना? जयू, त्या एका वाक्यानं मला किती महिने खाल्लं, ते तुला कसं सांगू?

सुट्टी संपली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू आली नाहीस. मला वाटलं, कापणी लांबली असेल. दुसऱ्या तासाला वसतिगृहाच्या गृहपाल बाई दारात आल्या, सरांशी हळू बोलल्या आणि सरांनी सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच मला कळलं. शब्द नंतर आले.

सकाळी उठलीस ती पोटात दुखतंय म्हणत. रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे गॅस झालाय म्हणून इंजेक्शन दिलं. घरी आणलं तर तब्येत आणखी बिघडली. मग टेम्पोत घालून पालघरला आणताना वाटेतच... एवढंच सगळ्यांना माहीत होतं. सतरा वर्षांची धडधाकट मुलगी पोटात दुखून मरते कशी? ही जागा लोकांनी आपापल्या परीनं भरून टाकली.

आठवड्याभरात मी बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले होते. रिक्षावाला बाजूच्या माणसाला सांगत होता, "वो पालघर कॉलेज की लड़की नहीं थी? पढ़ाई के टेंशन में दवा पी ली उसने." मी चालू रिक्षा थांबवून उतरले. कॉलेजात तर उघड बोललं जाऊ लागलं. गणितात नापास झाली होती, दोन्ही ग्रुप झेपत नव्हते, घरात भातावरच्या फवारणीची बाटली होती, पोलीस ती घेऊन गेले. सगळं जुळत होतं! मी भांडले. जयू तशी नव्हती म्हणून ओरडले. आणि ओरडताना माझ्या आत एसटीची खिडकी उघडी असायची. 'सगळा टाकून देईन नं झोपूनच राहीन.'

तसं केलं होतंस का गं तू? मी हा प्रश्न तुला रोज विचारायचे. बसमध्ये, जेवताना, लॅबमध्ये. तू उत्तर द्यायची नाहीस.

बोलायचीस मात्र! तेच तर मला वेड लावत होतं. बायोचं पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीपासून तुझा आवाज सुरू. मी मनात इंग्रजी वाचायचे आणि कानाशी, डाव्या बाजूनं, तुझी बोली. "हा असा हाय बग." मी दचकून बघायचे. बाक मोकळा. एकदा लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि "सरक ना जरा" इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी खरोखर सरकले. काचेची स्लाइड खाली पडून फुटली. आजूबाजूच्या मुली माझ्याकडे कशा बघत होत्या, तू बघायला हवं होतंस.

गणितात तू शांत असायचीस. म्हणून मी गणितच करत सुटले. एक दिवस बाबांना म्हटलं, "मी बायो सोडते. नीट देणार नाही. इंजिनीअरिंगला जाते."

आई म्हणाली, "आगं, दोन वर्षं मरमर केलीस की!"

'मरमर' शब्द तोंडातून गेला आणि ती ताटं उचलायला लागली. बाबा एवढंच म्हणाले, "फॉर्मला अजून वेळ हाय. तवर बस वर्गात. नुसती बस, लिवू नको."

म्हणून मी बसत राहिले. क्लासमध्ये अकरावीची उजळणी चालू होती. मॅडम स्नायूंचा धडा घेत होत्या. मेंदूचा निरोप नसेमधून येतो, नस आणि स्नायू यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते, तिथे एक रसायन सुटतं, ते पलीकडे पोचलं की स्नायू हलतो. मग मॅडम म्हणाल्या, "काही सापांचं विष नेमकं या फटीतच काम करतं. निरोप पोचत नाही. सगळ्यात आधी पापण्या पडतात."

मला वाटलं, तू काहीतरी बोलशील. त्या ओळीला तू गप्प राहिलीस. सगळ्या वर्षात बायोच्या तासाला पहिल्यांदाच गप्प!

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. पोटात दुखणं हेही साप चावल्याचं लक्षण असतं का, विचारलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मला बाकावर बसवलं. "मी शिक्षिका आहे रुतुजा, डॉक्टर नाही. मी अंदाजानं बोलणार नाही." त्यांची एक जुनी विद्यार्थिनी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होती. मॅडमनी तिथल्या तिथे तिला फोन लावून माझ्या हातात दिला. त्या डॉक्टर ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिच्या आईला विचार. तोंडाला औषधाचा वास होता का? उलट्या, लाळ, घाम? गिळता येत होतं का? पापण्या कशा होत्या? आणि ती झोपली कुठे होती?"

गृहपाल बाई तुझी पेटी पोचवायला तुझ्या घरी जाणारच होत्या. मी त्यांच्याबरोबर निघाले. मासवणला एसटीतून उतरलो, पुढे पायवाट. पेटीची एक कडी बाईंच्या हातात, एक माझ्या. अर्ध्या वाटेत मला तुझ्या चपलांचा आवाज येतोय असा भास होत होता. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे गेलेच नसते.

तुझी आई ओटीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "जयूची रुतू ना तू? ये, बस." धाकटी मंदा आतून पाणी घेऊन आली. तुझ्यासारखंच नाक, तुझ्यासारखीच मान तिरकी. तुझे बाबा अंगणात उभे होते. ते बसले नाहीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकवली म्हणून गेली. ही दहावी झाली का बस. हिला नाय पाठवाची."

मंदा आत निघून गेली.

मी तुझ्या आईला विचारलं. एकेक विचारलं. बाईंनी मला कोपरानं खुणावलं, नको म्हणून. पण तुझ्या आईला जणू कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"वास कसला? सकाळी चा पण नाय पिली ती. गिळाय नाय येत, बोलली. बोबडी बोलत होती. मंग बोलली, डोळे जड झालं. मी बोलली, झोप नाय झाली तुजी, रातदिस पुस्तक घेऊन बसते. मंग पापण्या उघडच ना. बोटानी पापणी वर करून माज्याकडं बगत होती." तिनं स्वतःच्या पापणीला बोट लावून दाखवलं आणि तशीच राहिली. "साप कोणी बगला नाय. चावल्याची खूण नाय. पोलीस आलं, फवारणीची बाटली घेऊन गेलं. लोक बोलतात ता मला पण वाटते. माज्या पोरीनं असा केला का गं?"

"झोपली कुठे होती ती?"

"खळ्यावर. भात राखाय. खाली कांबळा टाकून."

पाड्यावर मोबाइल लागत नाही. मी मागची टेकडी चढून गेले. तिथून डॉक्टर ताईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मण्यार. मला तरी शंका नाही. झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही बहुतेक दिसत नाही. तुझ्या मैत्रिणीनं काही घेतलेलं नाही, रुतुजा."

मी खाली बसले. त्या टेकडीवर मी किती रडले ते फक्त तुला माहीत असेल. तू केलं नव्हतंस! तू हसतच म्हणाली होतीस! मला राग आला तुझा, खरं सांगू? एवढ्या गवतात, एवढ्या उंदरांच्या खळ्यावर खाली कांबळं टाकून कशाला झोपलीस? पण तू तर लहानपणापासून तशीच झोपायचीस. सगळा पाडा झोपतो.

आणि मग, जयू, मी एक प्रश्न विचारला. तो विचारला नसता तर बरं झालं असतं. मी विचारलं, "तिला कळत होतं का?"

ताई म्हणाल्या, "हो. बहुतेक शेवटापर्यंत. डोळे उघडत नाहीत, जीभ हलत नाही, श्वासाचे स्नायू थकत जातात. पण मेंदू जागा असतो, कान चालू असतात. असे पेशंट बरे झाले की सांगतात, आजूबाजूला कोण काय बोललं ते. हे तिच्या आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव."

मी खाली आले. तुझ्या आईबाबांसमोर बसले आणि समजावून सांगू लागले. कसं सांगितलं माहितीय? इंग्रजी शब्द आठवेनात, माझे शब्दही आठवेनात. तुझेच आले. म्हटलं, "पावसात ओढ्यावरचा साकव बुडतो ना? अल्याडची माणसं जिती, पल्याडची पण जिती, पण निरोप जाय वाट नाय. विषानं तसा साकव बुडवला. तिनं काय नाय घेतला. ती पेपर देणार होती." तुझी आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कोण बोलतंय, हे ती बघत असावी. तुझे बाबा हळूच अंगणातून ओटीवर येऊन बसले.

मग तुझ्या आईनं विचारलं. "टेम्पोत मी तिला सगळ्या वाटेत हाका मारत होती. जयू, जयू. तिनं डोळा नाय उघडला. तिला ऐकाय आला असल का गं?"

सांग ना, मी काय बोलायला हवं होतं? नाही म्हणावं, तर तिच्या सगळ्या हाका वाया. हो म्हणावं, तर तू त्या अंधारात जागी होतीस, सगळं समजत असताना श्वास संपत होता, हे तिला आज ना उद्या समजणार. मी म्हटलं, "हो. तुमचा आवाज तिला येत होता."

"खरा?"

"खरंच."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग बरा."

तिनं पुढे विचारलं नाही. पण परतीच्या वाटेत गृहपाल बाईंनी मला सांगितलं, जे त्यांना टेम्पोवाल्याकडून समजलं होतं. मनोर रोडवर पोचायच्या आधीच टेम्पोतलं कुणीतरी म्हणालं होतं, "गेली ही. गाडी मागं फिरवा." तुझ्या आईनं फिरवू दिली नाही. गाडी पुढेच गेली. पण ते वाक्य तुझ्यासमोर, तुझ्या डोक्याशी बसून बोललं गेलं. तू तेव्हा गेलेली नव्हतीस, जयू. तुला ऐकू येत होतं.

हीच ती गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही. पुस्तक वाचताना तुझा आवाज येतो त्याची मला आता भीती नाही वाटत. मला भीती वाटते ती त्या वेळची, जेव्हा तुझा आवाज कुणाला जात नव्हता. तू आतून उत्तर देत होतीस का? 'मी हाय, मी हाय' असं म्हणत होतीस का?

पुढचं सांगते. मी बायो सोडलं नाही. नीटचा फॉर्म भरला, तुझ्या आवाजासकट अभ्यास केला, तुला मध्येमध्ये "आता गप" म्हणून दटावलंही. पेपरात स्नायूंवरचा प्रश्न आला तेव्हा हात थांबला. मग उत्तराचा गोल काळा केला आणि पुढे गेले. नंतर तुझा शवविच्छेदनाचा अहवालही आला. पोटात विष नव्हतं. कॉलेजात मी तो प्रत्येकाला सांगितला, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. रिक्षावाला काही मला पुन्हा भेटला नाही.

मंदा पालघरला आलीय, त्याच वसतिगृहात, अकरावी सायन्सला. तुझे बाबा स्वतः सोडायला आले होते. तिनं फक्त बायो घेतलंय. गणिताचं नाव काढलं तर म्हणते, "ताईनं केला तेवडा बास."

मी परवा निघेन. त्या कॉलेजात मला कुणी ओळखत नाही, तुला तर नाहीच. तिथे मला खूप काही शिकवतील आणि मी त्यातलं पुष्कळ विसरेनही. पण एक शब्द मी तुला आजच देते. माझ्यासमोर कुणी डोळे मिटून आलं, तर मी त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलणार नाही. आधी त्याला माझं नाव सांगीन. काय करतेय ते सांगीन. कुठे दुखतंय ते विचारीन, उत्तर येणार नसलं तरी. आणि बरोबर जे कुणी आलं असेल, आई, बाप, कुणीही, त्यांना कॉटपाशी आणून उभं करीन आणि म्हणेन, थांबू नका, हाका मारत राहा.

तुझी,
रुतू